आईच्या शिळेचा पुरावा

आमची आई शीळ घालायची की नाही, या प्रश्नावरून आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भंगाराचा एक अख्खा टेम्पो येऊन रिकामा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनीही मला विचारलं होतं. मी त्यांना जिन्यात उभ्या उभ्या समजावायला गेलो आणि फसलो, कारण ही बसून सांगायची गोष्ट आहे.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा आमच्याकडेच असतात. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, दोन गल्ल्या सोडून राहते आणि बहुतेक संध्याकाळी चहाला येते. आली की बाबांशी भांडते. हे भांडण दोघांच्याही तब्येतीला मानवतं, त्यामुळे आम्ही मध्ये पडत नाही. त्या दिवशी बाबा कपात साखर ढवळता ढवळता सहज बोलून गेले, की स्वयंपाकघरात एकटी असली की तुझी आई काय सुरेख शीळ घालायची.

आत्यानं कप खाली ठेवला. "वहिनी आणि शीळ? दादा, तू दुसऱ्याच कुठल्या तरी बाईबद्दल बोलतोयस."

आत्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आई शाळेत गणित शिकवायची. तिच्यासमोर घरातला नळसुद्धा शिस्तीत गळायचा. ती हसायची, नाही असं नाही, पण हसण्याचं कारण आधी तपासून घ्यायची. अशी बाई ओठांचा चंबू करून शीळ घालते आहे, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, तर आईनं त्यातूनच माझ्याकडे असं पाहिलं की मी ते घाईघाईनं मिटवलं. दोघंही साक्षीसाठी माझ्याकडे वळले. मी जन्मापासून आईच्या घरात राहिलेला माणूस. मला काही आठवेना. मग बहिणीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते, तिथून तिची सगळ्या घरावर बारीक नजर असते. तिनं शीळ साफ नाकारली आणि तेवढ्यावर न थांबता, समोर बसलेल्या माणसाबद्दल तो तिथे नसल्यासारखं बोलण्याचा एक खास हळवा आवाज असतो, त्या आवाजात म्हणाली, "हे असंच सुरू होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, लक्ष ठेवा म्हणून."

आता, डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरं. मध्यंतरी बाबांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, आणि विजेचं बिल भरलं का हे ते दिवसातून दोनदा विचारायला लागले होते. पण फोन स्पीकरवर होता. बाबांनी ते सगळं ऐकलं, चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि खोलीकडे जाताना फक्त एवढंच म्हणाले, "कॅसेटमध्ये आहे."

त्यानंतर ते गप्पच झाले. आत्या आली तरी भांडेनात. आत्या एकटीच दोन्ही बाजूंनी भांडून पाहायची आणि कंटाळून लवकर घरी जायची. बायको मला म्हणाली, "बाबा विसरलेले नाहीत. विसरलेला माणूस असा रागावून बसत नाही. काढा त्या कॅसेटी."

कॅसेटी काढणं हा शब्दप्रयोग ऐकायला सोपा आहे. बाबांनी निवृत्तीनंतर हौसेनं हातात धरायचा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता, त्याच्या या छोट्या कॅसेटी. दोनेक वर्षं बाबा घरातल्या प्रत्येक प्रसंगाला एक डोळा मिटून हजर असत. कॅमेरा टीव्हीला जोडायची वायर सुरुवातीलाच कुठेतरी हरवली. बाबा म्हणायचे, घाई काय आहे, सगळं पुरं झालं की एकदम निवांत बघू. मग आई आजारी पडली. ती गेल्यावर बाबांनी कॅमेरा पिशवीत घातला तो पुन्हा काढलाच नाही, आणि कॅसेटी माळ्यावर बिस्किटांच्या मोठ्या डब्यात गेल्या. मी माळ्यावर चढून तो डबा उतरवला. बाबांनी दारातूनच सांगितलं, निळ्या चिठ्ठीची. डबा उघडला. चिठ्ठ्यांचा डिंक वाळून सगळ्या चिठ्ठ्या डब्याच्या तळाशी पानगळ झाल्यासारख्या पडल्या होत्या आणि कॅसेटी वर, एकजात काळ्या, एकमेकींना ओळख न दाखवता बसल्या होत्या. कॅमेऱ्यानं तर आमच्यासमोरच प्राण सोडला. बटण दाबल्यावर त्यानं कॅसेटचं झाकण घर्र करत उघडलं आणि तसाच आ वासून राहिला.

सरळमार्गी माणूस अशा वेळी फोटोच्या दुकानात जातो. मीही गेलो. दुकानदारानं कॅसेट दिव्यासमोर धरून डॉक्टर एक्स-रे बघतात तशी पाहिली आणि "बुरशी" असं पुटपुटला. हे काम इथे होत नाही, मोठ्या शहरात पाठवावं लागतं, वेळ लागेल, बुरशी काढण्याचे वेगळे पडतील, असं त्यानं सांगितलं आणि एका कॅसेटचा दर उच्चारला. तो मी इथे लिहीत नाही. दर ऐकून मी डब्याकडे पाहिलं आणि डबा नुसता हातात धरूनसुद्धा मला जड व्हायला लागला. घरी विचारून सांगतो, असं म्हणून मी बाहेर पडलो. हे वाक्य माझ्यासारख्या माणसांना फार उपयोगी पडतं. त्यात आपली ऐपत येत नाही, घराची लोकशाही येते.

स्वस्तातला मार्ग असतो, हे मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या टेलिफोनवाल्यांनी सांगितलं. हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि कुठलीही दोन यंत्रं एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांना झोप लागत नाही. त्यांच्या मते दुकानात देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. एक चालू कॅमेरा मिळवायचा, त्याच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी एका लहानशा डबीत खोचायच्या, डबी कॉम्प्युटरला लावायची, झालं. डबी ऑनलाइन मिळते आणि हॉटेलात दोघांनी जेवावं इतपत खर्चात येते. मी ताबडतोब डबी मागवली.

डबी आली. काडेपेटीएवढी. तिच्याबरोबर एक चकती आली, आणि सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की आधी ही चकती कॉम्प्युटरमध्ये घाला. माझा कॉम्प्युटर नवा आहे. त्याला चकती घालायला जागाच नाही. मी त्याला चारी बाजूंनी फिरवून पाहिला, आंघोळ घालताना लहान मुलाच्या कानामागे बघतात तसं बघितलं, पण कुठे फट सापडली नाही. टेलिफोनवाले म्हणाले, चिंता नको, माझा जुना आहे. त्यांचा जुना कॉम्प्युटर म्हणजे एक लोखंडी कपाट होतं. ते आम्ही दोघांनी जिन्यावरून एक एक पायरी करत खाली आणलं. वाटेत ते एकदा माझ्या पायावर टेकवलं गेलं. कॉम्प्युटर आमच्या बाहेरच्या खोलीत स्थिरावला, आणि पाठोपाठ टेलिफोनवालेही स्थिरावले. तो कॉम्प्युटर दुसऱ्याचा हात ओळखत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. इथून पुढे या गोष्टीत ते प्रत्येक वेळी खुर्चीत बसलेले आहेत, असं समजून चालावं.

राहिला कॅमेरा. ओळखीत सगळ्यांना विचारलं. एकाकडे होता, त्याच्या मुलानं तो खोलून त्याचं घड्याळ केलं होतं. एका बाईंकडे होता, तो दुसऱ्याच जातीच्या कॅसेटी खायचा. मग मला माझं ऑफिस आठवलं. मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ कारकून आहे. एके काळी आमच्या खात्यात प्रशिक्षणवर्गांचं चित्रीकरण करायची टूम निघाली होती आणि त्यासाठी अगदी बाबांसारखाच कॅमेरा घेतला होता. मी स्टोअरमध्ये गेलो. कॅमेरा फळीवर होता, वायरींसकट. स्टोअरकीपर त्याच फळीखाली बसून डबा खात होते. मी म्हटलं, तो कॅमेरा दोन दिवस उसना हवा आहे. त्यांनी वर पाहिलंही नाही. म्हणाले, असा कॅमेरा आपल्याकडे नाही.

मी बोटानं दाखवला. त्यांनी घास संपवला आणि शांतपणे समजावलं, की तो कॅमेरा मागेच कागदोपत्री मोडीत निघालेला आहे. म्हणजे तो खात्याच्या दृष्टीनं नाही. आणि नसलेली वस्तू उसनी देता येत नाही, कारण ती परत आली तर ठेवायची कुठे. मी म्हटलं, जिथे आहे तिथेच. तर ते म्हणाले, पण तिथे ती नाहीच आहे ना.

इतकी वर्षं नोकरी केलेल्या मला हे तर्कशास्त्र नवं नव्हतं. नागरिक माझ्या टेबलासमोर येऊन नळाला पाणी नाही म्हणतात तेव्हा मीही कागद बघून त्यांना पाणी असल्याचं सिद्ध करून देतो. पण आपल्यावर वेळ आली की ते टोचतं. मी साहेबांकडे गेलो. साहेब सज्जन आहेत. त्यांनी माझं ऐकून घेतलं, आई कधी गेली हे विचारलं, स्वतःच्या आईबद्दल थोडं बोलले आणि मार्ग सुचवला. नसलेली वस्तू उसनी देता येत नाही, मात्र विकता येते. मोडीत निघालेल्या सामानाचा लिलाव कधीपासून अडून बसला होता, कारण बोली लावायला कोणी येतच नव्हतं. तुम्ही घेऊन टाका, साहेब म्हणाले, सगळ्यांचीच सोय होईल.

सगळ्यांची सोय होईल, या शब्दांनी मी सावध व्हायला हवं होतं. लिलाव ठरल्या दिवशी झाला. मी एकटाच होतो. एकटाच असून मी उत्साहाच्या भरात एकदा स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली, तेव्हा साहेबांनी मला हळूच बसवलं. शिपायांनी टाळ्या वाजवल्या. मग मला कळलं की लिलाव कॅमेऱ्याचा नव्हता, लॉटचा होता. लॉटमध्ये कॅमेऱ्याखेरीज पाय नसलेल्या खुर्च्या होत्या, मान टाकलेले टेबलफॅन होते, एक टाइपरायटर होता, फुटक्या काचेचा नोटीस बोर्ड होता आणि पोत्यांमध्ये भरलेले जुने पाण्याचे मीटर होते. लॉट फोडता येत नाही. नुसता कॅमेरा घ्यायचा तर उरलेलं सामान पुन्हा मोडीत काढावं लागलं असतं, आणि जे एकदा मोडीत निघालं ते पुन्हा कसं काढणार, असा नवाच पेच पडला असता.

टेम्पो घराशी पोहोचला तेव्हा बायको गॅलरीत होती. ती खाली एकेक वस्तू उतरताना पाहत राहिली. मीटरचं शेवटचं पोतं उतरल्यावर तिनं विचारलं, यात कॅमेरा कुठे आहे. तो मी गळ्यात अडकवला होता. त्या क्षणी मला तो फार लहान वाटला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी सूचना लावली: 'एका सुशिक्षित सभासदाने पार्किंगमध्ये अशोभनीय साठा केला आहे.' नाव नव्हतं, आणि त्याबद्दल मी आभारी आहे. पण 'सुशिक्षित' हा शब्द मला अजून झोंबतो. पुढे भंगारवाला येऊन सगळं घेऊन गेला आणि नेताना, हे घ्यायला मलाच पैसे द्यावेत अशी त्याची मुद्रा होती. या एकंदर स्वस्त मार्गाची बेरीज करायची नाही, असा आमच्या घरी एकमतानं ठराव झालेला आहे.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. कॅमेरा टेबलावर, त्याच्या तीन वायरी डबीत, डबी कॉम्प्युटरमध्ये, टेलिफोनवाले खुर्चीत. आत्या आली होती. ती पुरावा ऐकायला नाही, तर तो नाही हे बघायला आली होती, असं तिनं येतानाच स्पष्ट केलं. बहीण फोनवर होती. बाबा मागच्या खुर्चीत, जरा लांब, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पहिली कॅसेट आत गेली. कॅमेरा घुमला. पडद्यावर निळा रंग आला आणि तसाच राहिला. टेलिफोनवाल्यांनी पिवळी वायर काढून पुन्हा घातली. आता चित्र आलं, पण आवाज येईना. पांढरी आणि लाल यांची अदलाबदल केली. आवाज आला, चित्र गेलं. अखेर बायकोनं टेबलाखाली वाकून डबी नीट आतपर्यंत दाबली. ती अर्धवटच बसली होती.

पडद्यावर फरशी दिसली.

आमच्या जुन्या घराची फरशी, तिरकी. मग कुणाचे तरी बूट आले आणि गेले. मग खुर्चीचा पाय. चित्र हळूहळू झोके घेत होतं. ही माझ्या बहिणीला नोकरी लागल्याच्या पार्टीची कॅसेट असावी, असं आवाजावरून कळत होतं. आम्ही बराच वेळ पाहिलं. टेलिफोनवाले म्हणाले, पुढे घेऊ या, सुरुवातीला असं होतं. पुढे घेतलं. फरशीच. मध्येच एकदा बाबांची चप्पल अगदी जवळून दिसली, मग चित्र वर उचललं गेलं, सगळे लोक ओळीत उभे राहिलेले क्षणभर दिसले, बाबांचा आवाज आला, "हं, हसा आता, सुरू करतोय," आणि खट्ट करून चित्र तुटलं. पुढच्या क्षणी पुन्हा फरशी.

दुसरी कॅसेट लावली. तीही तशीच. बायकोला सगळ्यांच्या आधी कळलं. ती मागे वळली आणि अगदी हळुवारपणे तिनं विचारलं, "बाबा, कॅमेऱ्यात तो लाल ठिपका यायचा, तेव्हा तुम्ही काय समजायचात?"

बाबा म्हणाले, "लाल म्हणजे थांबलेलं."

बाबा रस्ते खात्यात नकाशे काढायचे. गावातल्या किती तरी चौकांत सिग्नलचा खांब कुठे उभा राहणार हे त्यांच्या पेन्सिलीनं ठरलं. जन्मभर ज्या माणसानं लाल दिवा म्हणजे थांबा हे रस्त्यावर कोरून ठेवलं, त्यानं कॅमेऱ्यातला लाल ठिपका म्हणजे चालू असं का समजावं? ठिपका दिसला की बाबा समजायचे, कॅमेरा थांबला. ते तो खांद्याला अडकवून गप्पा मारायला जायचे. ठिपका गेला की डोळ्याला लावायचे आणि सगळ्यांना हसवायचे. घरातले सगळे प्रसंग असे निसटून गेले होते, आणि प्रसंगांच्या मधलं जे काही होतं ते सगळं नीट उतरलं होतं.

बाबांचा चेहरा मला बघवेना. फोनमधून बहिणीनं विचारलं, काय दिसतंय. आत्यानं सांगितलं, पाय.

पण एक सांगतो, थोड्या वेळानं आम्हाला त्या पायांची चटक लागली. टीव्हीवरच्या कुठल्या मालिकेतही एवढं औत्सुक्य नसतं. हे पाय कुणाचे, हा एक खेळच झाला. एका पायाच्या अंगठ्यावरून आत्यानं आपल्या कैलासवासी यजमानांना ओळखलं आणि ती पुढे सरकून बसली. आवाज तर स्वच्छ होते. कॅमेरा बंद आहे असं समजून माणसं किती मोकळं बोलतात. बहिणीचा होणारा नवरा तेव्हा बशीतला केक कुंडीत टाकण्याबद्दल कुणाला तरी सल्ला विचारत होता. आत्याचा आवाज कुणाला तरी सांगत होता, की वहिनी हिशेबाला पक्की आहे, फक्त मीठ घालताना तिचा हिशेब चुकतो. इथे आत्यानं तो खारट पदार्थ कुठला होता हे सांगून स्वतःच्या समर्थनार्थ थोडं बोलून घेतलं. आणि मग आईचा आवाज आला. इतक्या वर्षांनी, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. आई बाबांना सांगत होती, "हा आपला मुलगा प्रामाणिक आहे. पण त्याला काही आणायला पाठवत जाऊ नका. एक सांगितलं की भलतंच काहीतरी घेऊन येतो."

बायको खिडकीतून पार्किंगकडे पाहायला लागली. टेलिफोनवाल्यांनी उगीचच एक वायर तपासली. आईचा आवाज ऐकून माझे डोळे भरून आले होते. ते तिनं काय म्हटलं यामुळे, असा सर्वांचा समज झाला, तो मी तसाच राहू दिला.

संध्याकाळपर्यंत बऱ्याच कॅसेटी झाल्या. एक तास रेकॉर्ड केलेलं कॉम्प्युटरमध्ये घ्यायला एक तासच लागतो, त्यात सूट नाही. शीळ कुठे नव्हती. शेवटून दुसरी कॅसेट आत गेली आणि कॅमेऱ्यानं कुरकुरत तिची फीत ओढायला सुरुवात केली. बायकोनं झडप घालून तो बंद केला. झाकण उघडलं तर फितीचे वळसेच्या वळसे बाहेर लोंबत होते. बाबा पहिल्यांदाच खुर्चीतून उठून पुढे आले. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. बायकोनं चष्मा लावला, फीत बोटांना न चिकटवता सोडवली आणि करंगळीनं चाक फिरवत फिरवत सगळी आत घेतली.

तीच कॅसेट पुन्हा लावली. पडद्यावर एक आडवी सुरकुती पडली आणि गेली. या वेळी चित्र हलत नव्हतं. बाबांनी कॅमेरा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवलेला असावा. फ्रिजचा खालचा भाग दिसत होता, ओट्याखालचं दार, आणि एका बाजूला निळ्या पट्ट्यांच्या चपलांमधले दोन पाय. नळाचं पाणी वाहत होतं. भांडी लागत होती. पाणी बंद झालं.

आणि शीळ सुरू झाली.

आधी अगदी बारीक, दातांतून सुटल्यासारखी. मग भरीव झाली. मग वर गेली, वर जाऊन तिथे जराशी थांबली, आणि गिरक्या घेत खाली आली. आणि त्या निळ्या पट्ट्यांच्या चपलांपैकी एक, टाचेवर टेकून, पुढून ठेका धरत होती. गणिताच्या बाईंचा पाय ठेका धरत होता. मी आत्याकडे पाहिलं. तिच्या हातातला कप वाटेतच थांबला होता.

पडद्यावर पावलं वाजली. शीळ तिथल्या तिथे थांबली आणि चप्पल सरळ झाली. बाबांचा आवाज आला, "शीळ कोण घालत होतं?"

"कुकर असेल," आई म्हणाली.

"कुकर तर अजून लावलाच नाहीयेस."

मग आई हसली. कारण न तपासता, मोकळी, खूप वेळ. आम्ही दोन मुलं तिची, आणि ते हसणं आम्हाला अनोळखी होतं. बाबांचा आवाज एकदम उत्साही झाला. "थांब, थांब. हलू नकोस. शूटिंग घेतो. आता पुन्हा घाल, अगदी तशीच." चित्र हललं, वर वर जाऊ लागलं. ओटा दिसला, ओले हात दिसले, हनुवटी दिसली, आणि खट्ट.

पुढे कॅसेटवर कुठल्याशा दुकानाची पायरी होती.

टेलिफोनवाल्यांनी मागेपुढे करून पाहिलं. नव्हतंच काही. बाबा तसेच उभे होते, पडद्यावरच्या त्या पायरीकडे बघत. आत्यानं कप ठेवला आणि तिनं जो प्रश्न विचारला तो मी त्या घरात कधी ऐकेन असं मला वाटलं नव्हतं, कारण गेल्या सत्तर वर्षांत तिनं दादाला काही विचारलेलं नाही, फक्त सांगितलेलं आहे.

"मग? घातली का रे वहिनीनं?"

बाबा सावकाश खुर्चीत बसले. "घातली की. सबंध घातली. कॅमेऱ्याकडे बघून. मध्येच एकदा हसू आलं तिला, तर हात वर करून म्हणाली, हे कापून टाका, आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. मला वाटायचं, ते सगळं आत आहे. म्हणून तर सांगत होतो."

"मग काय झालं?" फोनमधून बहिणीनं विचारलं.

बाबा सांगू लागले. आईनं नंतर ओले हात कशाला पुसले, खिडकीतून उजेड कुठून पडत होता, ही शीळ ती कॉलेजात असताना सायकलवरून येता-जाता कशी शिकली, आणि वर्गात चुकून तोंडातून निघू नये म्हणून ती खडूचा तुकडा ओठांत धरायची, हेसुद्धा त्यांनी सांगितलं. खडूचं मला माहीत होतं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं. ते का, हे कुणाला माहीत नव्हतं. बाबा बोलत राहिले, आम्ही विचारत राहिलो. कुणीही त्यांना तुम्हाला नक्की आठवतंय ना, असं विचारलं नाही. विचारून तपासणार कशावर?

शेवटी आत्या म्हणाली, ती शीळ पुन्हा एकदा लावा. टेलिफोनवाल्यांनी लावली. तिनं डोळे मिटून ऐकली, मग सगळ्यांच्या देखत ओठांचा चंबू केला आणि जोर लावला. नुसती हवा आली. बाबा म्हणाले, "तशी नाही, जीभ खाली ठेव." तिनं जीभ खाली ठेवली. पुन्हा हवाच आली. मग बाबांनी करून दाखवायला घेतलं, त्यांचीही हवाच आली, आणि आत्या म्हणाली की तुला स्वतःला येत नाही आणि मला शिकवतोस. बाबांनी तिला ताबडतोब उलट उत्तर दिलं. बायको चहा टाकायला उठली.